दोन बाटल्यांची वाटणी

चष्म्याच्या दुकानात भिंगं घासणारी थोरली जाऊ एकेचाळीस वर्षांची होती आणि टेस्ट ट्यूब बाळाच्या उपचारांची तिच्याकडे एकच खेप उरली होती. त्यानंतर पुन्हा अंडी काढण्यात अर्थ नाही, असं डॉक्टरीणबाईंनी तिला आडपडदा न ठेवता सांगितलं होतं. खालच्या मजल्यावरची धाकटी जाऊ तेहेतीसची. तिलाही लग्नाला सहा वर्षं होऊन मूल नव्हतं. सासूबाई दोघींना सारखंच टोचून बोलत, एवढा एक न्याय त्या घरात होता.

डॉक्टरीणबाईंकडे तेव्हा एका औषधाची चाचणी चालू होती. बाईच्या पोटातली अंडी तिच्या जन्माआधीच तयार होतात आणि तिच्याबरोबर म्हातारी होत जातात. शरीरातच तयार होणारे काही उपद्रवी रेणू त्यांना आतून गंजवतात. हा गंज आवरणारी अँटिऑक्सिडंट खाऊ घातल्यावर उंदरांच्या वयस्कर माद्यांची अंडी सुधारली होती. बायकांचं काय होतं, ते आता पाहायचं होतं. अंडं पिकायला साधारण तीन महिने लागतात, म्हणून तीन महिने रोज दोन कॅप्सूल घ्यायच्या. निम्म्या बायकांना खरं औषध, निम्म्यांना हुबेहूब तशाच कॅप्सूलमध्ये नुसतं पीठ. कुणाच्या बाटलीत काय आहे, हे डॉक्टरीणबाईंनाही ठाऊक नसायचं. दोघी जावांनी सह्या केल्या. दुसऱ्या कुणाला देऊ नका, दर महिन्याला उरलेल्या मोजून घेईन, असं नर्सबाईंनी बजावलं.

घरी आल्याआल्या थोरलीने दोन्ही बाटल्या टेबलावर शेजारी शेजारी ठेवल्या.

"तुझ्यातल्या निम्म्या मला दे, माझ्यातल्या निम्म्या तू घे," ती म्हणाली. "दोन्ही खऱ्या असल्या तर बिघडत नाही, दोन्ही खोट्या असल्या तरी बिघडत नाही. एकच खरी असली, तर निदान दोघींच्या पोटात थोडंथोडं जाईल."

धाकटी बावरली. तुझी खरी असली तर तुझंच नुकसान, तुझी तर ही शेवटची खेप, असं तिने बोलून दाखवलं. आपण काय परक्या आहोत का, असं थोरलीने उलट विचारलं, तेव्हा धाकटीचे डोळे भरून आले. आता खरं सांगायचं, तर आपलीच बाटली पिठाची निघणार अशी थोरलीला धास्ती होती. सोडतीत तिला जन्मात कधी साधा चमचाही लागला नव्हता. पण मोठेपणा आयता पदरात पडत असेल तर तो कोण नाकारतो? तिनेही नाकारला नाही.

मग दर महिन्याला भिंगांच्या ट्रेमध्ये कॅप्सूल ओतून दोघी वाटणी करायच्या. अदलाबदल सारखीच असल्यामुळे नर्सबाईंचा आकडा चोख जुळायचा. त्या तीन महिन्यांत दोघी शाळेतल्या पोरींसारख्या खिदळत होत्या. सासूबाईंना वाटलं, सुनांनी काहीतरी कट केलाय, आणि या एका बाबतीत त्या चुकल्या नव्हत्या.

थोरलीची चार अंडी निघाली. त्यातली दोन फळली. तिसऱ्या दिवशी ती मशीनवर असताना प्रयोगशाळेतून फोन आला, की दोन्हींची वाढ थांबली आहे. त्या दुपारी तिने एका गिऱ्हाइकाची भिंगं उलटसुलट बसवली, आणि एरवी कावणाऱ्या मालकाने ती स्वतःच काढून नीट बसवली.

धाकटीला मात्र मुलगी झाली. थोरली तिला न्हाऊमाखू घालायची, कडेवर मिरवायची आणि वर आपल्या घरी गेली की तोंडात पदर कोंबून रडायची.

मुलगी नऊ महिन्यांची झाली तेव्हा चाचणी संपल्याची पत्रं आली. थोरलीने आपलं पत्र दुकानातून आल्यावर उभ्याउभ्याच वाचलं. आपल्याला खरं औषध देण्यात आलं होतं. खाली लिहिलं होतं, दोन गटांत अपेक्षेइतका फरक दिसला नाही. दिसेल कसा, तिच्या मनात आलं, आमच्यासारख्या आणखी किती जणींनी वाटून खाल्लं असेल. पुरं औषध पोटात गेलं असतं तर तिसरा दिवस पार पडला असता का? कदाचित नसताही. आता ते कुणीच सांगू शकणार नव्हतं. आपण भीतीपोटी आपलंच नशीब दुसरीच्या हातावर ठेवलं, या विचाराने तिचा जीव तळमळला. क्षणभर तिला खालच्या मजल्यावरच्या त्या पोरीचाही राग आला.

तेवढ्यात धाकटीच दारात आली. कडेवर मुलगी, हातात पत्र, चेहरा पांढराफटक.

"ताई, माझं पीठ होतं," ती म्हणाली. "तुझं काय निघालं?"

थोरलीच्या अगदी ओठांवर आलं होतं. एक शब्द, आणि त्या पोरीवर तिचा जन्मभराचा हक्क. धाकटी रोज मान खाली घालून वावरली असती, लेकीला जवळ घेताना तिने आधी वरच्या मजल्याकडे बघितलं असतं. थोरलीला ते हवं होतं, फार हवं होतं.

"माझंही पीठच," ती म्हणाली.

धाकटी मटकन खुर्चीत बसली.

"सुटले गं. सकाळपासून वाटत होतं, तुझं मूल मी घेतलं," ती म्हणाली. "म्हणजे आपण तीन महिने पीठच वाटत बसलो होतो?"

"हो, पीठच."

धाकटी डोळे पुसत हसू लागली. मग थोरलीलाही हसावं लागलं.