आधी धुरा, मग पंचायत

सरकारी कागदाला रिकामी चौकट चालत नाही, हे तुम्हाआम्हाला ठाऊक आहेच! चामोर्शीहून बदलून आलेल्या प्रणितचं, तालुक्याच्या कचेरीतल्या कारकुनाचं, घोडं तिथंच अडलं होतं. एटापल्लीपासून दोन तास आत, रानातल्या एका गावची शाळा जंगलातल्या लढाईच्या वर्षांत पडली. आता गोळीबार थांबला होता, पण एकतीस पोरं अजून हरिदासभाऊंच्या गोठ्यात बसून पाढे म्हणत होती. नव्या शाळेचा प्रस्ताव उद्या गेला नाही, तर शाळा कायमची बंद होऊन पोरांना नदीपलीकडे जावं लागणार होतं. आणि चौकट विचारत होती, 'नुकसान कोणी केले?'

चौकट भरायला प्रणित पुन्हा त्या गोठ्यावर आला, तेव्हा हरिदासभाऊ म्हणाले, "दलमवाल्या नक्षल्यांनी सुरुंग लावला जी."

शेजारचा लच्छू म्हणाला, "अर्धी भिंत तं त्याच्या आधीच पोलिसायच्या गोळ्यायनं पडली होती."

'युद्धात पडली' असं लिहू का, म्हणून विचारलं, तर कचेरीतल्या साहेबांनी फोनवर झाडलंच, "युद्ध कुठं झालं होतं? युद्ध नव्हतंच ते!"

प्रणितचं डोकं चक्रावलं. युद्ध झालंच नाही, मग भिंती काय उंदरांनी पाडल्या? खरं कोणाचं धरावं?

"साहेब, तिसऱ्यांदा येऊन राह्यले तुमी, अन् तेच इचारून राह्यले," पोरांची खिचडी शिजवणाऱ्या गिरजाबाई चुलीपासून उठल्या. "धानाच्या वावरात, पानी भरल्या बांधीत, दोन सांड भिडले, धुरा फुटला, तं आमी काय करतो?"

"बांध फुटला, तर भरपाई मागता?" प्रणित म्हणाला.

"नाई जी! आधी अख्खा गाव फावडे घेऊन धुरा बांधते. सांड कोनाचा, ते मंग पंचायतीत. तोवरी पानी थांबते का? पानी गेलं का धान बी गेलं!"

"पन बाई, गावाचा दोष नाई, तं गावानं काऊन बांधावं?" लच्छू मधेच म्हणाला.

"बांधी आपल्या गावची म्हनून! देश बी आपलाच हाय ना? का फक्त झेंडा लावापुरता?"

प्रणितनं वळून पाहिलं. गोठ्यात एक मुलगी गव्हाणीवर वही टेकवून लिहीत होती. तीन आठवडे आपण सांड शोधत फिरलो आणि पाणी इथून वाहून चाललंय! त्याला स्वतःचीच लाज वाटली.

त्यानं चौकटीत लिहिलं, 'दोघांच्या लढाईत पडली. चौकशी व्हावीच, पण बांधण्याची जबाबदारी आपली.' खाली सही केली. साहेब काय म्हणतील, हे त्याला अजूनही कळत नव्हतं. पण कागद त्यानं खोडाखोड न करता उद्या पाठवायला तसाच ठेवला.

वाचकहो, दोषी शोधायलाच हवा, त्याला सोडायचं नाही. पण लढाई ज्या देशाच्या अंगणात झाली, त्या देशानं पडलेली भिंत उभारायला दोषी सापडण्याची वाट पाहू नये. पोरं तोवर मोठी होऊन जातात!