भेटायला येणारी माणसं

आमच्याकडं माणूस आजारी पडलं की त्याला आराम न्हाई मिळत, पाहुणे मिळतात. जीप भरून येतात. संगं केळी, बिस्किटं, आणि अमक्याला असंच झालतं, तो कसा गेला, त्याची सगळी हकीकत. भेटायला न्हाई गेलं तर लोक जन्मभर बोलून दाखवतात. आमचे मालक अण्णाराव या कामात सगळ्यांच्या पुढं. गंजगोलाईच्या बाजारातलं भांड्याचं दुकान नोकरावर टाकून कुणाच्याही उशाशी जाऊन बसायचे.

आता त्यांनाच रक्ताचा कॅन्सर झाला. दोनदा केमो दिली, दोनदा आजार उलटून आला. आमचा पोरगा संगमेश हैदराबादला नोकरीला हाय, त्यानं तिथल्या डॉक्टरला दाखवलं. त्यांनी यांच्या रक्तातल्या, अंगाची राखण करणाऱ्या पेशी काढून घेतल्या. त्यांना लॅबमधी कॅन्सर ओळखायला शिकवायचं, वाढवायचं आणि परत यांच्याच अंगात सोडायचं. बाकीची औषधं करून झाली होती, हा एकच इलाज उरला होता. पेशी तयार होईस्तोवर लातूरला घरीच ऱ्हावा म्हणाले, आणि मला बजावलं, ऐन वेळी यांना ताप असला तर पेशी देता येणार न्हाईत, कुणाला जवळ येऊ देऊ नका.

डॉक्टरचं काय जातं सांगायला? लातुरात ऱ्हाऊन माणसाला येऊ नको म्हणायचं म्हणजे! पण मी गेटला कुलूप घातलं. किल्लारीहून नणंद आली, साखराबाई. मास्क लावते म्हणाली आणि मास्क खाली करून तिथंच शिंकली. मी गेटच्या आतून हात जोडले. व्यंकटराव काका तर चप्पल काढून उभे होते, तशीच परत पायात सरकवून निघून गेले. कुणाकुणाला समजावू? गाढवापुढं वाचली गीता! रत्नम्मानं नवऱ्याला कोंडून ठेवलंय, असं गावभर झालं.

मालकांना यातलं काही कळू दिलं न्हाई. कळलं असतं तर स्वतः उठून कुलूप काढलं असतं त्यांनी. त्यांची खोली मागच्या अंगाला, मोबाईलही मीच ठेवून घेतलता. तेही कधी कुणाचं नाव काढत नव्हते. मला वाटलं, चला, एक डोकेदुखी कमी.

मग हैदराबादहून फोन आला, पेशी तयार हायत, सोमवारी या. मी बॅग भरली. शनिवारी संध्याकाळी यांच्या अंगाला हात लावला तर चटका बसला. थर्मामीटर एकशे दोनवर.

हातातोंडाशी आलेला घास! मी देवघरापुढं बसून कपाळ बडवून घेतलं. दूधवाल्यालासुद्धा आत येऊ दिलं नव्हतं, मग ताप आला कुठून? तेवढ्यात रेणापूरहून गुरम्माचा फोन आला. तिचा नवरा विरूपाक्ष म्हणजे यांचा शाळेपासूनचा दोस्त. तो तापानं पडलाय हे मीच यांना सहज बोलले होते. गुरम्मा म्हणाली, आता उतार हाय. परवा अण्णाराव येऊन घटकाभर हात धरून बसले, तवापासून यांच्या जिवात जीव आला.

त्या दिवशी मी रक्ताचा रिपोर्ट आणायला गेलते. तेवढ्यात हे मागल्या दारानं निघाले, रिक्षा केली आणि तापाच्या माणसाचा हात धरून आले. माझ्या तळपायाची आग मस्तकात गेली. तसंच आत जाऊन तोंडाला येईल ते बोलले. पोरगं तिथं जिवाचं रान करून राहिलंय, मी जगाच्या शिव्या खाऊन राहिले, आणि तुम्हाला दोस्ती सुचती?

त्यांनी मला बोलू दिलं. मग म्हणाले, "इतक्या लोकांच्या उशाशी बसलो मी. माझ्याकडं एक माणूस आलं न्हाई. वाटलं, सगळ्यांनी मला मेल्यातच धरलं. विरूपाक्ष तरी मला वळखतो का, ते बघायला गेलतो."

मी बाहेर येऊन संगमेशला फोन लावला.

संगमेशनं डॉक्टरला विचारलं. पेशी गोठवून ठेवता येतात, ताप उतरला की या म्हणाले. पण तेवढ्या दिवसात आजार वाढला तर काही सांगता येत न्हाई, असंही म्हणाले. ते मी यांना सांगितलं न्हाई. कपाळावर ओलं फडकं ठेवलं आणि कोण कोण येऊन गेलं ती नावं सांगायला लागले. एकेक आठवून सांगितलं. ते डोळे मिटून ऐकत होते.

"सगळे आलते?"

"सगळे. गेटवरनंच परत लावले मी."

त्यांनी डोळे उघडले.

"चहा तरी पाजलास का त्यांना?"

"न्हाई," मी म्हणाले.

त्यांनी तोंड भिंतीकडं फिरवलं. अंग अजून तापलेलंच होतं.