बसता पाय, उभा पाय

भूताखेतांना आमच्या घरात कोणी भीत नसे. आम्ही भ्यायचो एका डाळीला.

लाखनीपासून थोडं आत असलेलं आमचं गाव धानाचं. धान शेतात उभं असतानाच, ओल आहे तोवर, त्यात लाखोळीचं बी फेकून द्यायचं. धान कापून नेलं की ती आपसूक वर येते. ना पाणी मागते, ना निगा. पण तांदूळ लवकर संपलेल्या वर्षी महिनोनमहिने नुसती तीच डाळ पोटात गेली, की धडधाकट माणूस चवड्यांवर चालू लागे. मग एक काठी घेई, मग दुसरी. माझ्या वडिलांचे थोरले भाऊ, आमचे मोठेबाबा जागेश्वर, तरुणपणी दुसऱ्याकडे सालदार होते आणि मजुरी त्यांना लाखोळीत मिळायची. मी त्यांना पाहिलं ते दोन काठ्यांवरच. गुडघे एकमेकांना घासत ते ओसरीपासून विहिरीपर्यंत जात आणि तेवढ्यानेच घामाघूम होत.

त्यामुळे अठ्ठ्याहत्तर सालच्या हिवाळ्यात मी लंगडायला लागले, तेव्हा काय झालं म्हणून घरात कोणी विचारलंच नाही. सगळ्यांना आधीच कळलं होतं.

मी अठराची होते. सातवीपर्यंत शिकलेली, धानाच्या रोवणीत बायांच्या पुढे असणारी आणि तोंडाने फटकळ. माझा उजवा गुडघा दुखायचा. झोपेत अंग सैल पडलं की अशी कळ यायची की मी किंचाळून उठायचे. माझे वडील गोमाजी बोलून काही दाखवणारे नव्हते. पण सकाळी मायने अंगणात सडा टाकला की ते मला त्या ओल्या मातीवरून चालायला लावायचे आणि मागून वाकून माझी पावलं पाहायचे.

"चवडाच उमटून रायला," ते मायला म्हणाले. "टाच नाई."

माझी माय रुखमा नुसती उभी राहिली. तिच्या हातातली बादली कलली आणि पाणी तिच्याच पायांवर सांडत राहिलं.

त्याच दिवशी तिने लाखोळीचं मडकं उकिरड्यावर उपडं केलं, आणि बाबांनी माझा इलाज सुरू केला. लाखोळीचा पाय थांबू द्यायचा नसतो, थांबला की गेला, असं आमच्याकडे पक्कं समजतात. म्हणून रोज मोहाच्या तेलाने मांडी रगडायची आणि मग तलावाच्या पाळीवर, म्हणजे बांधावर, चालायचं. तेही उजाडता उजाडता, कोणाच्या नजरेला पडायच्या आत. माझं लग्न जुळवायचं होतं ना! ज्या घरात आधीच एक लाखोळीचा माणूस बसलेला, तिथे दुसरी निघाली तर दारात कोण उभं राहणार होतं?

"चाल पोरी. थांबू नोको," बाबा मागून म्हणायचे.

मी दातओठ खाऊन चालायचे. डोळ्यांसमोर मोठेबाबांचे गुडघे यायचे, आणि त्या भीतीने मी आणखी भरभर चालायचे. जेवढं जास्त दुखे तेवढं मला वाटे, आजचं चालणं चांगलं झालं.

उन्हाळ्याच्या तोंडाशी पाय आखडून आत वळला. एका सकाळी पाळीवरून आल्या आल्या मी ओसरीवर कोसळले आणि गुडघा धरून हमसून हमसून रडू लागले. मोठेबाबा खांबाला टेकून बसले होते.

"काहून वं, दुखते?" त्यांनी विचारलं.

"जीव जाते, मोठेबाबा."

त्यांनी बाबांना हाक मारली.

"गोमा, माहे पाय कधी दुखले नाईत. निस्ते गेले. अन् दोन्ही गेले. हिचा एकच काहून?"

बाबा उभ्या उभ्या पांढरे पडले. इतके महिने ते रोज माझी पावलं पाहत होते आणि डावं पाऊल रोज टाचेसकट स्वच्छ उमटत होतं. ते त्यांना दिसलंच नव्हतं. दुसऱ्याच दिवशी आम्ही भंडाऱ्याच्या बसमध्ये बसलो. कारध्याच्या पुलावर बस दणके खात गेली आणि प्रत्येक दणक्याला मी मायच्या दंडात नखं रुतवली.

भंडाऱ्याच्या डॉक्टरांनी पायाचा फोटो काढला आणि थेट नागपूरच्या मोठ्या दवाखान्यात पाठवलं. तिथल्या हाडांच्या डॉक्टरांनी मला टेबलावर झोपवून आधी गुडघा वाकवला. तो पूर्ण वाकला.

"हा बिजागरीचा सांधा," ते म्हणाले. "दारासारखा. एकाच दिशेने उघडतो आणि मिटतो. याला काही झालेलं नाही."

मग त्यांनी मांडी धरून हलकेच बाहेर वळवली. मी अशी ओरडले की दारातली माणसं आत डोकावली.

"खुबा मात्र उखळीचा सांधा आहे. पुढे, मागे, बाजूला, गोल, सगळीकडे फिरतो. त्याच्यामुळे आपण उकिडवे बसतो, मांडी घालतो." त्यांनी एका हाताची मूठ दुसऱ्या हाताच्या खोलगट तळव्यात बसवून फिरवून दाखवली. "मांडीच्या हाडाचा गोळा असा कमरेच्या वाटीत असतो. दोघांवर गुळगुळीत कूर्चा, मध्ये थोडंसं वंगण. हिच्या सांध्यात क्षय आहे. त्याने कूर्चा खाल्ली. दुखतं गुडघ्यात, पण रोग वर आहे."

"क्षय तं छातीत होते नं?" माय म्हणाली.

"हाडातही होतो."

बाबा पुढे सरकले. "अन् साहेब... अशा पायानं चाललं तं?"

"गोळा वाटीवर घासतो. आणखी झिजतो. अशा पायाला पडून विश्रांती द्यायची असते."

बाबांनी भिंतीचा आधार घेतला. मला त्यांचा राग यायला हवा होता. पण त्यांचा चेहरा पाहून धास्तीच वाटली, हा माणूस आता इथेच पडतो की काय. त्या दिवशी ते पुन्हा माझ्या डोळ्यांत पाहून बोलले नाहीत.

मग इंजेक्शनं, गोळ्या, आणि दोरीला वजन लावून ताणून ठेवलेला पाय. गावात रोवणी झाली, धान पोटरीला आलं, आणि मी खाटेवर पडून छताकडे बघत होते. बाबा दवाखान्याजवळच्या धर्मशाळेत राहून मोलमजुरी करत. रोग आटोक्यात आला, पण सांधा गेलाच होता. दिवाळीच्या सुमारास डॉक्टर माझ्या खाटेपाशी आले.

"खुबा पहिल्यासारखा होणार नाही," त्यांनी सांगितलं. "दोन रस्ते आहेत. एक, गोळा आणि वाटी एकमेकांना जोडून टाकायची. मग तो कवटीतल्या सांध्यांसारखा होईल. हलणारच नाही. दुखणं संपेल, पाय मजबूत राहील, बऱ्यापैकी सरळ चालता येईल. पण उकिडवं बसणं, मांडी घालणं आयुष्यभरासाठी बंद. दुसरा रस्ता, खराब गोळा काढूनच टाकायचा. खुबा हलेल, खाली बसता येईल. पण पाय दीड-दोन इंच आखूड होईल, लंगडेपणा राहील, काठी लागेल. उभा पाय हवा की बसता, ते तुम्ही ठरवा."

"उभा," बाबा लगेच म्हणाले.

"बसता," मी म्हणाले.

डॉक्टरांनी आम्हा दोघांकडे पाहिलं, उद्या सांगा म्हणाले आणि पुढच्या खाटेकडे वळले.

"पोरगी पाहाले येतीन तं चालवून पाह्यतीन तुले," बाबा दबक्या आवाजात म्हणाले. "लंगडली का लाखोळीच म्हणतीन. म्या किती जणाले सांगू का लाखोळी नोहे म्हणून?"

"म्हणू द्या. अन् मले परसाकडे कोण नेईन? म्हणणारे नेतीन?"

"चंदे!" माय ओरडली.

"खोटं बोलली का मी? चुलीपाशी बसाचं कसं? धानाच्या बांधीत वाकाचं कसं? लेकरू झालं तं मांडीवर घ्याचं कसं, उभ्यानं?"

शेजारच्या खाटेवर तुमसरकडची गिरजाबाई होती. तिचा खुबा बऱ्याच वर्षांपूर्वी जोडलेला. पडून मनगट मोडलं म्हणून ती भरती झाली होती. ती मधे पडली.

"दुखत नाई हो, खोटं कायले बोलू," ती बाबांना म्हणाली. "जरासं बी दुखत नाई. चालाले बी चांगली आहो मी." मग तिने माझ्याकडे पाहिलं. "पण आमच्या घरी पंगत बसते तवा मी ताट घेऊन खिडकीपाशी उभी रायतो. अन् सकाळच्या पारी सुनेले उठवा लागते. ते तुम्हाले नाई समजनार, भाऊ."

बाबा ताडकन उठले आणि निघून गेले. त्यांच्या खांद्यावरचा दुपट्टा खाली पडला, तो उचलून झटकत गेले, पण मागे वळून पाहिलं नाही.

त्यानंतर जी भीती मला लागली तिच्यापुढे लाखोळी काहीच नव्हती. लाखोळीची भीती पुढे कधीतरी होणाऱ्या गोष्टीची होती. ही तारीख ठरवून आलेली: दुसऱ्या दिवशी बाबा डॉक्टरांना 'उभा' असं सांगून आले होते आणि ऑपरेशनचा दिवस ठरला होता. डॉक्टरांनी मला विचारलं खरं, पण त्या काळी पोरीच्या पायाचं बापच ठरवायचा. मी डोळे मिटून पाहायचे: मी घराच्या दारात उभी आहे, सगळे खाली बसलेत, जेवताहेत, हसताहेत, आणि मी फळीसारखी ताठ, कोणी धरून वाकवेल म्हणून वाट बघतेय, आणि कोणीच वाकवू शकत नाही. मायला म्हणाले, बाबांना सांग. ती म्हणाली, "त्याईले कोन सांगन, बाई?" आणि पदराने डोळे पुसू लागली.

ऑपरेशनच्या आदल्या दिवशी बाबा वॉर्डात फिरकलेच नाहीत. ऑपरेशनच्या सकाळी सिस्टर माझे केस बांधायला आली.

"माझे बाबा आले होते?"

"आत्ताच डॉक्टरांना भेटून गेले."

"काय सांगितलं?"

"ते मला कुठे माहीत? झालंय ठरवून, तू घाबरू नकोस."

"सिस्टर, जाग आल्यावर मला कळेल का? जोडला की काढला?"

तिला माझी दया आली असावी. "जोडला तर छातीपासून पायाच्या बोटांपर्यंत प्लास्टर असेल," ती म्हणाली. "काढला तर प्लास्टर नाही, पायाला वजन असेल, आता आहे तसं."

मला स्ट्रेचरवरून नेलं. माय दारापर्यंत सोबत आली आणि तिचा हात सुटला. आत मोठा दिवा, थंडगार टेबल, तोंड बांधलेली माणसं. त्यातले आमचे डॉक्टर कोणते तेही ओळखू येईना. मी ओरडून सांगितलं, "बसता पाय! मले बसता पाय पाहिजे!" कोणीतरी माझ्या कपाळावर हात ठेवला आणि नाकात वास कोंडला. मी मोजत नव्हते की देवाचं नाव घेत नव्हते. तेच तेच म्हणत होते, आणि म्हणता म्हणता माझा आवाज लांब गेला.

जाग आली तेव्हा तोंड कोरडं पडलं होतं आणि डोळे उघडत नव्हते. मी उघडायचा प्रयत्नही केला नाही, इतकी घाबरले होते. फक्त उजवा हात पांघरुणाखाली घातला. छातीला हात लावला. झंपर लागला. मग पोट. मऊ, माझंच. कमरेजवळ जाड पट्टी लागली आणि वाटलं, प्लास्टरच. पण पट्टी कापसाची होती, दाबली की दबत होती. हात आणखी खाली नेला. मांडीची कातडी लागली. उघडी, गरम.

मी डोळे उघडले. पायाशी दोरी होती, आणि दोरीला वजन लोंबत होतं.

बाबा स्टुलावर बसले होते. त्यांच्या भुवईवर टेंगूळ आलं होतं आणि एक तळहात चांगलाच सोलवटला होता.

"काय लागलं बाबा?"

ते माझ्या पायाकडे पाहत राहिले. मग हळू आवाजात म्हणाले, "काल कमरेपासून पायाले बांबूची कमची बांधली. दुपट्ट्यानं करकचून. म्हटलं पाहू तं खरं, एक दिवस कसा जाते. धर्मशाळेत जेवाले बसलो तं ताटावरच पडलो. सारे हासले." त्यांनी सोलवटलेला हात मांडीखाली लपवला. "अन् सकाळी परसाकडे गेलो तवा..." ते थांबले आणि खिडकीबाहेर पाहू लागले.

मी गप्प राहिले. आयुष्यात पहिल्यांदाच असेल.

"मले लोकायचं भेव वाटे, पोरी," ते म्हणाले. "तिथं पडलो अन् उठता नाई आलं, तवा तुह्यं भेव वाटलं. तसाच डॉक्टरकडं गेलो."

मी त्यांचा हात ओढून धरला. मग कोणी पाहत नाही असं बघून, खात्री करायची म्हणून, उजवी मांडी अगदी जराशी बाहेर वळवली. कळ मस्तकात गेली, डोळ्यांपुढे अंधारी आली, आणि पलीकडून सिस्टर ओरडली, "ए, हलवू नकोस!"

मांडी वळली होती.