दोघींचा नवरा

प्रियदर्शनी जळकोटच्या एका शाळेत इंग्रजी शिकवायची. तिच्या शेजारी शिवकांता आणि सिंधु या जावा राहायच्या. त्यांचे नवरे, मन्मथ आणि रविकिरण, सख्खे भाऊ, मस्कतला एकाच कंपनीत बांधकामावर होते. घरात कुणाला ईमेल वापरता येत नव्हता, म्हणून कंपनीला प्रियदर्शनीचा दिलेला होता.

शनिवारी शाळा सुटता सुटता मेल आला. काल परांची कोसळून त्यांच्या नवऱ्याचा, ‘देअर हजबंड’चा, मृत्यू झाला, शिवकांता आणि सिंधु यांना कळवावे. नाव कुठंच नव्हतं.

प्रियदर्शनीनं तो परत परत वाचला. हजबंडच्या शेवटी एस असता तर दोघंही गेले, हे स्पष्ट झालं असतं. नाही म्हणजे एकच का? त्याच आठवड्यात तिनं नववीला शिकवलं होतं, की एकेकीला एकच डोकं असलं तरी ‘मुलींनी डोकी वर केली’ हे इंग्रजीत ‘देअर हेड्स’ असं अनेकवचनातच लिहायचं. तरी निम्म्या वर्गानं ‘देअर हेड’ लिहिलं होतं. मेल लिहिणाराही तसाच असेल, तर दोघंही गेले असतील?

तिनं कंपनीला फोन लावला, कुणी उचलला नाही. नाव विचारणारा मेल टाकला. उत्तर येईपर्यंत गप्प राहावं, असं ठरवूनच ती घरी आली, तर दोघी तिच्याच दारात उभ्या. मस्कतला त्यांच्यासोबत असलेल्या उदगीरच्या एका कामगारानं फोन करून अपघात झाल्याचं कळवलं होतं आणि पुढं काही न सांगता ठेवून दिला होता. नवऱ्यांचे फोन लागत नव्हते. मग तिला लपवता आलं नाही.

“एक असला तर कोणाचा?” शिवकांतानं विचारलं.

“ते लिहिलं नाही, अक्का.”

दोघी कट्ट्यावर बसल्या. आधी सिंधुनं थोरल्या जावेचा हात घट्ट धरला होता. हळूहळू तो सुटला. दोघी वेगवेगळीकडं बघत बसल्या.

दिवेलागणीला कंपनीचा फोन आला. प्रियदर्शनीनं पलीकडच्या माणसाला नाव दोनदा विचारून घेतलं.

“मन्मथभाऊ गेले,” ती म्हणाली. “रविकिरण दवाखान्यात आहेत. पाय मोडलाय.”

शिवकांता जागची हलली नाही. सिंधुनं मात्र असा हंबरडा फोडला, की धावून आलेल्या बायकांनी तिलाच कवेत घेतलं. गेला तो सिंधुचाच, असं त्यांना वाटलं.

मन्मथचा देह गावी येऊन माती झाल्यावर एका दुपारी सिंधु प्रियदर्शनीकडं आली.

“म्याडम, भावजींचं नाव ऐकलं अन् आधी मला हलकं वाटलं. रडू मागून आलं. अक्काला सांगू का?”

नका सांगू, असं प्रियदर्शनी म्हणाली. पण सिंधुला ते पोटात ठेवणं जमलं नाही. शिवकांता ज्वारी निवडत होती. तिनं सगळं ऐकून घेतलं, सूप खाली ठेवलं.

“मी बी देवाला तुझाच ने म्हणत होते,” ती म्हणाली.

त्यानंतर दोघी कामापुरतंच बोलायच्या. रविकिरण कुबड्या घेऊन परतला त्या आठवड्यात शिवकांता माहेरी देवणीला निघाली. सिंधु पिशवी घेऊन बसपर्यंत सोबत गेली. परत कधी येणार, हे मात्र तिनं विचारलं नाही.