दोन लाल बाण

"इंजेक्शन आजपासून बंद," नवे डॉक्टर म्हणाले आणि त्यांनी पेन रिपोर्टवर आपटलं. "टेस्टोस्टेरॉन पाचशे चाळीस! सत्तरच्या वर जाता कामा नये. हिमोग्लोबिनही वाढलंय. हे लाल बाण दिसतायत ना?"

समोर बसलेल्या लिफ्टच्या मेकॅनिकला बाण दिसत होते आणि शेजारी छापलेले नॉर्मलचे आकडेही. तेच वाचून त्याच्या तळपायाची आग मस्तकात गेली.

"डॉक्टर, हे आकडे बायकांचे आहेत. मी पुरुष आहे. हे हार्मोन वाढावं म्हणूनच तीन वर्षं इंजेक्शन घेतोय ना? पुरुषांचे आकडे लावा. टेस्टोस्टेरॉन तीनशे ते हजार. हिमोग्लोबिनही त्यांच्या आकड्यांत नीट बसतं."

"तुमच्या सरकारी कार्डावर स्त्री लिहिलंय. कॉम्प्युटर तसंच छापणार."

जन्मल्या दिवशी कुणी एक शब्द लिहिला आणि आज त्या शब्दापायी याची दाढी, आवाज, झोप, सगळं काढून घ्यायला हे डॉक्टर निघाले होते! इंजेक्शन थांबलं की काही महिन्यांत पाळी परत येणार. चार सहकाऱ्यांबरोबर शाफ्टमध्ये उतरायचं ते त्या अवस्थेत? आधीच्या डॉक्टरीणबाई दर वेळी स्वतः खाडाखोड करून बरोबर आकडे लिहीत. त्या निवृत्त झाल्या आणि अक्कलही बरोबर घेऊन गेल्या.

तो तरातरा खाली लॅबमध्ये गेला. रक्त घेणाऱ्या ताईंनी रिपोर्ट पाहून कपाळाला हात लावला.

"अहो भाऊ, यात वाईट काहीच नाही. द्या इकडे." त्यांनी पुरुषांचे आकडे लिहून खाली सही ठोकली.

तो परत वर आला, तर डॉक्टरांनी कागद पाहिला न पाहिल्यासारखा केला. "हाताने लिहिलेलं चालत नाही. आधी कार्ड बदलून आणा."

"त्याला वर्ष लागतं. इंजेक्शन आज आहे."

"मी काय करू? नेक्स्ट!"

मेकॅनिक उठलाच नाही. "लिफ्टचा दिवा चुकीचा मजला दाखवतो तेव्हा आम्ही दिव्यावर भरवसा ठेवून घरी जात नाही, डॉक्टर. दार उघडून माणूस कुठे अडकलाय ते बघतो. तुम्ही माझ्याकडे एकदा तरी पाहिलंत का?"

एव्हाना पुढचे पेशंट, एक म्हातारे गृहस्थ, काठी टेकत आत आले होते. खोलीत पेशंटची खुर्ची एकच. मेकॅनिक ओशाळून उठू लागला, तसा म्हाताऱ्याने त्याचा खांदा दाबून त्याला खाली बसवलं.

"बसा हो तुम्ही. आधी यांचं नीट बघा, डॉक्टर," ते म्हणाले आणि भिंतीला टेकून उभे राहिले.