तिसरी खेप

माणशी वीस लिटर हा आकडा कुठून आला, हे ग्रामसेविका दीपिकाला कुणी सांगेना. टंचाई आराखड्याच्या फॉर्मवर तो छापूनच आला होता. वालूरच्या पुढची ती वाडी नऊशे माणसांची. नऊशे गुणिले वीस, अठरा हजार लिटर. टँकर सहा हजारांचा. म्हणजे बोअर आटलं की रोज तीन खेपा. हिशेब दोन मिनिटांत उरकून ती दुपारच्या बसने सेलूला घरी गेली असती. पण रसायनशास्त्र शिकलेल्या पोरीच्या गळ्याखाली न मोजलेला आकडा उतरेना.

मग चार दिवस तिनं वाडी पालथी घातली. घरोघरच्या घागरी लिटरच्या मापाने भरून पाहिल्या, उंबऱ्यात बसून बायकांच्या पाण्याच्या खेपा मोजल्या.

अंबाबाईच्या घरात पाच माणसं: ती, मुलगा मल्हार, सून दैवशाला आणि दोन नातवंडं. दारात अकरा मेंढरं. मागल्या वर्षी चाळीस होती.

"मावशी, रोज किती पाणी लागतं?"

"आमाला लय न्हाई लागत," अंबाबाई ताठ मानेनं म्हणाली. "त्या सुमनबाईला इचार. ती पाण्यात पोहायलीय."

"तुजी जीभ मोज म्हणावं आधी!" भिंतीपलीकडून सुमनबाई ओरडली. "मंग माजं पाणी मोज!"

कमी पाण्यात घर चालवते तीच खरी बाई, असा वाडीचा रिवाज. त्यामुळे सांगताना सगळ्याच कमी सांगत. पण दीपिकानं सांगण्यावर विसंबायचं नाही असं ठरवलं होतं. तिनं मोजलं, आणि अंबाबाई खरी ठरली. पाच माणसांत पासष्ट लिटर.

"आणि मेंढरांना?"

"त्यांना येगळं कशाला? तांदळाचं, भांड्याचं, अंघुळीचं, समदं परातीत धरायचं. पितेत बिचारी. साबन कुठं लावतो आमी?"

मेंढरांच्या रकान्यात दीपिकानं शून्य लिहिलं. एकच पाणी तीनदा वापरणारी ही बाई तिला फार आवडली.

वाडीची सरासरी तेरा आली. तालुक्याच्या साहेबांनी फॉर्म वाचला आणि ते खूश झाले.

"मॅडम, असं काम आजवर कुणी केलं नव्हतं. नऊशे गुणिले तेरा, अकरा हजार सातशे. दोन खेपांत भागतं. वर तीनशे लिटर शिल्लक."

"सर, ही त्यांची गरज नाही. बोअर तेवढंच देतं, म्हणून त्या तेवढ्यात भागवतात."

"प्रत्यक्ष गरज असं तुम्हीच लिहिलंय."

लिहिलं होतं. रकान्याचं नावच ते होतं.

"शेजारच्या गावाने न मोजता छापील वीसच लिहिले," साहेब म्हणाले. "त्यांचं मला कापता येत नाही. तुमचं मोजलेलं आहे."

मार्च सरता सरता बोअरमधून नुसती हवा यायला लागली. टँकर आला, दोन खेपा. वाटेत तो गळायचा, विहिरीत रिकामा केला की थोडं पाणी विहीरच पिऊन टाकायची. वर ओढेपर्यंत माणशी दहा उरत. बायका भांडी कोरड्या राखेनं घासून फडक्यानं पुसायला लागल्या. अंघोळ चौथ्या दिवशी. परातीत धरायला काहीच उरेना. अंबाबाईची चार मेंढरं आठवड्यात गेली.

दीपिकानं तिसऱ्या खेपेसाठी अर्ज केला. उत्तर आलं: फेरमोजणी करून वाढीव गरज दाखवावी. ती माप घेऊन पुन्हा वाडीत आली. दोन दिवस मोजलं. दहा. दुसरं येणार तरी काय? दोन खेपांच्या पाण्यातून दहाच्या वर कुणाला वापरताच येत नव्हतं.

तिसऱ्या दिवशी मल्हार उरलेली सात मेंढरं घेऊन येलदरी धरणाकडं निघाला होता. दैवशालाच्या डोक्यावर गाठोडं, पोरं पुढं.

"धरणात पाणी आहे का?" दीपिकानं विचारलं.

"हाय म्हणतेत. चिखल तुडवीत लय आत जावं लागतंय," मल्हार म्हणाला आणि थांबला नाही.

अंबाबाई घर राखायला मागं राहिली होती.

"तू त्या शेजारच्या गावावानी न मोजता वीस लिहिलं असतंस तर?"

"तीन खेपा मिळाल्या असत्या, मावशी."

"मंग लिहायचं होतं की, बाई." तिच्या आवाजात राग नव्हता. "आमी न्हाई म्हनलो असतो का?"

"मला खरं लिहायचं होतं."

"मंग आता लिही."

"आता तेरावर माझीच सही आहे. आता वीस लिहिले तर कोण मानेल?"

अंबाबाईनं मान हलवली आणि ती मेंढरांच्या रिकाम्या जागेत खराटा फिरवू लागली.

फेरमोजणीच्या फॉर्मवर लोकसंख्येचा रकाना होता. दीपिका गल्लीतून फिरली. येलदरीकडं, सेलूकडं, जमेल तिकडं मिळून सतरा घरांना कुलपं होती. नऊशेंची आठशे माणसं झाली होती. आठशे गुणिले दहा, आठ हजार. दीड खेपही नाही.

तिनं फॉर्म कोरा ठेवला. पण सोमवारपर्यंत तो भरून द्यायचा होता, आणि तिनं भरला नाही तर दुसरं कुणीतरी भरणार होतं.