टाकीच्या झाकणावरचे भोक

मित्रांनो, जरा कल्पना करा. पाण्याने भरलेली प्लॅस्टिकची बाटली तुम्ही ओठांत घट्ट धरली आहे. हवेला शिरायला कुठेच फट नाही आणि तुम्ही पाणी ओढता आहात. दोन-तीन घोट मिळतात, मग बाटली चेपते आणि पाणी येईनासे होते. अशा वेळी कोणी म्हणाले, "तुला पाणीसुद्धा पिता येत नाही, म्हातारा झालास तू," तर तुम्हाला राग येईल की नाही? मला आला. अजूनही तो पुरता उतरलेला नाही.

मी एक जुनी मोटारगाडी आहे. एके काळी माझा रंग निळा होता. माझे मालक प्लंबर आहेत. माझ्या टपावर त्यांचे पाइप असत, डिकीत पाने आणि नळ, आणि मागच्या सीटवर त्यांची नऊ वर्षांची मुलगी. ती प्रत्येक गोष्टीची उलटतपासणी घेते, म्हणून घरात तिला वकीलबाई म्हणतात. तान्ही असताना ती रडायला लागली की तिची आई तिला माझ्यात बसवून दोन गल्ल्या फिरवून आणायची. माझ्या इंजिनाच्या घरघरीशिवाय तिला झोप येत नसे. चौदा वर्षे मी हा संसार ओढला. मालक शेजाऱ्यांना सांगत, "ही गाडी नाही, आमच्या घरातली कर्ती बाई आहे."

आणि त्याच मालकांनी माझे नाक बुजवले.

झाले असे की एकदा त्यांना डिकीपाशी पेट्रोलचा वास आला. गळती म्हटली की त्यांचे हात शिवशिवतात. त्यांनी पेट्रोलच्या टाकीचे झाकण काढून पाहिले, तर त्यात सुईच्या टोकाएवढे भोक.

"बघ, कारखानेवाल्यांनी भोक तसंच सोडलंय," ते वकीलबाईच्या आईला म्हणाले. पाइपचा सांधा बंद करायचा मसाला त्यांनी त्या भोकात दाबून भरला. झाकणाखाली नवा रबरी वॉशरही बसवला. "आता थेंब सोड, वाससुद्धा बाहेर येणार नाही."

अहो, ते भोक काय कोणी विसरून राहिले होते? पेट्रोल इंजिनाकडे जाते, तेव्हा टाकीत त्याच्या जागी हवा यावी लागते. ती त्या भोकातून येत होती.

दुसऱ्या दिवशी वीस-पंचवीस मिनिटे मी नीट धावले. मग टाकीतली हवा विरळ झाली. पंप जीव खाऊन ओढत होता, पण पेट्रोल येईना. मी खोकले, आचके दिले आणि भर चौकात बंद पडले. मागच्या बसने भोंगा वाजवून माझी लाज काढली. पंधरा-वीस मिनिटे उभी राहिले, तेव्हा कुठूनशी थोडी हवा आत झिरपली आणि मी पुन्हा सुरू झाले. मग हे रोजचेच झाले.

मालकांनी मला गॅरेजमध्ये नेले. मेकॅनिकने प्लग बदलले. पुढच्या वेळी फिल्टर बदलला, त्याच्या पुढच्या वेळी पंप. दर वेळी मला पाच मिनिटे जागेवर चालू ठेवून तो म्हणे, "काही झालेलं नाही, नाटकं करते ही." तिसऱ्या खेपेला तो हात पुसत म्हणाला, "वय झालं हो हिचं."

माझे वय! किती वेळ चालल्यावर मी बंद पडते, हे त्याने विचारले नाही. दुखणे सुरू होण्याआधी माझ्यात काय बदल केला होता, हेही नाही. मित्रांनो, गाडी असो की माणूस, दुखणे शोधायचे असेल तर हे दोन प्रश्न आधी विचारावेत. नवे सुटे भाग नंतरही बसवता येतात.

शेवटी घरात ठरले, रविवारी सकाळी भंगारवाला मला घेऊन जाणार. वकीलबाई त्या दिवशी जेवली नाही.

शनिवारी दुपारी मालक माझ्यातून शेवटच्या कामाला निघाले. वकीलबाई हट्टाने बरोबर आली. पुलाच्या चढावर मी बंद पडले. मालकांनी मला कडेला घेतले, बॉनेट उघडले आणि ते नुसतेच बघत राहिले.

वकीलबाई मागे बसून बाटलीने पाणी पीत होती. बाटली कटकन चेपली. तिने ओठ सोडले, बाटली फुगली. तिने पुन्हा तसेच करून पाहिले. मग ती खाली उतरली.

"बाबा, गच्चीवर पाण्याची टाकी बसवली की तुम्ही तिला ती वाकडी नळी का लावता?"

"हवा जायला. किती वेळा सांगू? हवा आत गेली नाही तर पाणी खाली उतरत नाही."

"आणि कोणी म्हणालं, नको ती नळी, तर?"

"असल्या अडाण्यांचं काम मी घेतच नाही."

"मग हिच्या टाकीची नळी कुठंय?"

"हिला कशाला नळी? हिच्या झाकणालाच एक..." मालक बोलता बोलता थांबले.

ते मागे आले. त्यांनी झाकण फिरवले आणि मी इतक्या दिवसांचा कोंडलेला श्वास ओढला, स्सऽऽऽ. पुलावरून जाणाऱ्या एका सायकलवाल्यानेसुद्धा वळून पाहिले. किल्ली फिरवताच मी सुरू झाले.

मालकांनी पेटीतून दाभण काढले आणि झाकणातला मसाला टोकरून काढला. मोहरीएवढा खडा त्यांच्या तळहातावर पडला.

"असं होतं कधीकधी," ते म्हणाले.

कधीकधी म्हणे! मेकॅनिकने मला नाटकी म्हटले तेव्हा हेच मान डोलवत होते.

"आईला सांगायची काही गरज नाही हं, वकीलबाई."

वकीलबाईने तो खडा उचलून कंपासपेटीत ठेवला आणि पेटी बंद केली. मग डॅशबोर्डवरचा फोन घेतला, भंगारवाल्याचा नंबर लावला आणि पलीकडे घंटी वाजत असतानाच तो बाबांच्या कानाला धरला.